काचेवर टकटक करणाऱ्या आजोबांना

स्पेनमधल्या कार्काशेंत स्टेशनवर उतरलेले आजोबा,
नागपूरहून सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितो आहोत. नोव्हेंबरातली सकाळ, व्हॅलेन्सियाहून शातिवाला जाणारी सी-२ लोकल आणि चुकीच्या बाजूला बसलेले काटोलकडचे संत्रा बागायतदार, एवढी खूण तुम्हाला पुरे. येऊन आठ दिवस झाले, तरी ती टकटक कानातून जात नाही.

तुम्ही भेटण्याच्या आदल्या दिवशी काय झालं ते सांगायलाच हवं. टूरवाल्याने पैसे घेतले होते रेल्वेतून स्पेनची खेडी दाखवायचे. बसवलं माद्रिद ते व्हॅलेन्सियाच्या वेगवान गाडीत. ती ताशी ३०० किलोमीटरपर्यंत धावते, म्हणजे सेकंदाला ८३ मीटर. बगीच्यात ओळींमधलं अंतर सहा मीटर धरलं तर सेकंदाला तेरा-चौदा ओळी मागे पडतात. झाड दिसतच नाही, नुसता हिरवा पट्टा दिसतो. मार्ग २०१० सालचा, नवा. डोंगर आला की बोगदा, नाहीतर दोन्ही अंगांनी खोदलेल्या मातीच्या उंच कडा. त्यात आमच्या जागा दोन खिडक्यांमधल्या खांबाला लागून. बोललो तर उत्तर मिळालं, नंबर बदलता येत नाहीत. मग ऊन लागतं म्हणून गाइडने पडदेही ओढले. शेतकऱ्याला शेती दाखवायला नेणाऱ्याने, तुम्हाला नेमकं काय पाहायचं आहे, एवढं तरी विचारायला नको? तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही विचारलंत. भाषा नव्हती, तरी विचारलंत. काचेला नाक लावून, डोळे बारीक करून उन्हात पाहणारी माणसं दिसली, तसे तुम्ही उठलात आणि उजव्या बाजूची तुमची खिडकी आम्हाला दिलीत. गाडी दक्षिणेकडे जाते, सकाळचं ऊन डावीकडून येतं. त्या बाजूला बसलं की काचेवर चमक येते आणि झाडं काळी दिसतात. उजवीकडे बसलं की सूर्य पाठीशी राहतो, पानाचा खरा रंग दिसतो. मग तुम्ही आमच्या गळ्यातला दुपट्टा बोटाने दाखवून तो डोक्यावरून काचेपर्यंत धरायला लावलात. डब्यातल्या दिव्यांचं प्रतिबिंब क्षणात गेलं. आणि रुळांजवळची नव्हे, पन्नास-साठ मीटर आतली ओळ दाखवलीत. जवळचं झाड लोकलमधूनही पुसटच दिसतं, आतली ओळ मात्र पंख्याच्या पात्यांसारखी एकेक उघडत जाते. त्या फटीतून बगीचा शेवटपर्यंत वाचता येतो.

तो कसा वाचायचा, हेही तुम्हीच शिकवलंत. बेनिफायो स्टेशन गेलं आणि तुम्ही तळहात उलटा धरून उंचवटा करून दाखवलात. प्रत्येक ओळ मातीच्या वरंब्यावर, झाडाचं खोड उंचावर, ठिबकच्या काळ्या नळ्या खोडापासून अंतर राखून. ओलित करा, पण खोड ओलं होऊ देऊ नका. आमच्याकडे हेच चुकतं. भारी काळ्या जमिनीत सपाट लावायचं, पाटाने पाणी सोडायचं, ते खोडाशी साचतं आणि डिंक्या धरतो, म्हणजे खोड सडून त्यातून डिंक गळू लागतो. मग साल सोलून, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी असा बोर्डो मलम खोडाला मीटरभर उंचीपर्यंत लावत बसायचं, पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. मलम हवाच. पण वरंबा आधी असता तर निम्मं काम कमी झालं असतं. कलमाचा जोडही तुमच्याकडे मातीच्या चांगला वर दिसतो. आमच्याकडे तो नऊ इंच वर ठेवा असं सांगून सांगून थकले लोक, तरी आळ्याची माती चढवताना जोड बुजतोच.

मध्येच एका बगीच्यात पिवळी पडलेली झाडं आली. पान पिवळं, शिरा हिरव्या. तुम्ही मान हलवलीत, जमिनीकडे आणि मग झाडाच्या बुडाकडे बोट केलंत. चुनखडीची जमीन, आणि खाली कारिझो सिट्रेंज जातीचा खुंट, म्हणजे ज्यावर संत्र्याचं कलम बांधतात ते मुळाकडचं झाड. त्या खुंटाला चुना सोसत नाही, लोह मिळत नाही, म्हणून हा रंग. पण त्याशिवाय तुम्हाला पर्यायही नव्हता. तुमच्या देशात १९५७ मध्ये ट्रिस्टेझा हा रोग सापडला. माव्यावाटे पसरणारा हा विषाणू आंबट संत्र्याच्या खुंटावरची झाडं कलमाच्या जोडाशी गुदमरवून मारतो. जुने बगीचे गेले, नवे सहनशील खुंटावर उभे राहिले. मोंकाडाच्या संशोधन संस्थेने १९७५ पासून शेंड्याचं सूक्ष्म कलम करून कलमासाठी रोगमुक्त डोळे, म्हणजे फांदीवरचे कोंब, देण्याचं काम धरलं. त्या खिडकीतून ओळीमागून ओळ एकसारखी दिसते ती या कामामुळे. आमच्याकडे जंभेरी या रानलिंबाच्या खुंटावर संत्रा चालतो. रोपवाटिकेतून कोणत्या झाडाचा डोळा आला हे न विचारता रोपं घेणाऱ्या आमच्या भावांना ती सरळ ओळ एकदा दाखवायला हवी.

अल्झिराच्या आधी शुकेर नदी ओलांडली. पुढे बागांमध्येच विटांची उंच धुराडी उभी. कारखाने असावेत असं वाटलं होतं. तुम्ही हाताने विहीर खोदून दाखवलीत, मग तोंडाने वाफेचा आवाज काढलात. वाफेच्या पंपांची धुराडी ती. पाटाचं पाणी जिथे चढत नव्हतं त्या उंच वावरात विहिरीचं पाणी त्यांनी चढवलं आणि संत्रा टेकड्यांवर गेला. ताडाची जोडी दिसली की तिथे बागमालकाचं जुनं घर, हेही कळलं. आणि धुऱ्याला धुरा लागून असलेले सोडून दिलेले तुकडे, वाळलेल्या फांद्या, कमरेएवढं तण. तिथे तुम्ही काहीच दाखवलं नाही, फक्त पाहत राहिलात. भाव नाही आणि पुढची पिढी शेतीत नाही, हे आम्हाला भाषेशिवाय समजलं. इकडे वरूड-नरखेडलाही तसे तुकडे आहेत.

क्लेमेंटाइन या छोट्या संत्र्याची तोडणी सुरू होती. नऊ वाजून गेले तरी काही बगीच्यांत माणसं क्रेटवर बसून होती. तुम्ही पानावरचं दव पुसण्याची खूण केलीत. ओल्या सालीचं फळ दाबलं की तेलाच्या पिशव्या फुटतात, दोन दिवसांत डाग उमटतो, म्हणून दव उडेपर्यंत थांबायचं. मग खिशातून तुमची तोडणीची छोटी कात्री आणि एक फळ काढलंत. देठ सालीशी सपाट कापलेला, हिरवं बटण जागेवर. देठाचा तुकडा उरला तर क्रेटमध्ये शेजारच्या फळाला टोचतो, आणि ओढून तोडलं तर बटणासोबत सालच निघते आणि तिथूनच सड सुरू होते. आमचा सैल सालीचा संत्रा तर याहून नाजूक, आणि तो आमच्याकडे अजून पिळून तोडतात.

एवढ्यावरही आभार मानता आले असते. पण कार्काशेंत आलं, तुम्ही उतरलात, दोन पावलं गेलात आणि परत फिरलात. फलाटावरून आमच्या खिडकीपर्यंत आलात. काचेवर दोनदा टकटक केलीत आणि पलीकडच्या बाजूकडे बोट केलंत. आता तिकडे बसा. दार बंद होत होतं. आम्ही धावत डावीकडे गेलो, आणि काही मिनिटांनी शातिवाचा किल्ला डोंगराच्या धारेवर लांबच लांब पसरलेला दिसला, खाली गाव. उजवीकडेच बसून राहिलो असतो तर हुकला असता. १७८१ मध्ये एका पाद्रीबाबांनी जिथे विक्रीसाठीची पहिली संत्रा लागवड केली असं सांगतात, त्या कार्काशेंतचे तुम्ही. घरी जायची घाई असेल. तरी परदेशातल्या चार अनोळखी माणसांचं पुढचं दृश्य चुकू नये म्हणून परत आलात.

पैसे घेऊन पडदे ओढणारे भेटतात, तसे काही न घेता काचेवर टकटक करणारेही भेटतात. ज्याला आपलं काम मनापासून येतं, तो ते दुसऱ्याला दाखवल्याशिवाय राहत नाही, मग समोरचा कुठलाही असो. जुने कलमकरी असेच असायचे. चाकू हातात देऊन म्हणायचे, घे, तू बांध.

आजोबा, डिसेंबरात या. आंबिया बहाराचं, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं फळ तेव्हा झाडावर असतं. नागपूरहून इटारसीच्या बाजूची, थांबत थांबत जाणारी गाडी घ्या, काटोल आणि नरखेडच्या आसपास रुळांजवळच बगीचे आहेत. साध्या डब्यात बसा. आमच्या खिडकीला गज असतात, काच वर सरकवून ठेवता येते, दुपट्टा लागत नाही. काटोलच्या फलाटावर आम्ही उभे असू. टकटक करायला काच नसेल, हाक मारू. तुमची कात्री मात्र आणा.

तुमचे,
काटोलकडचे संत्रा बागायतदार, जिल्हा नागपूर