गरोदर बाईला आधी विचारा: दिवसभर काम काय करता?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लोहाच्या गोळ्या आणि निघताना एक वाक्य: ‘जड काम करू नका, आराम करा.’ ज्यांना त्याची गरज नाही त्या ते मनापासून पाळतात. ज्यांना आहे त्यांना ते परवडत नाही.

शहरात दिवस गेल्याचं कळलं की सासू पलंगावरून उठू देत नाही. जागतिक आरोग्य संघटना मात्र 2020 पासून सांगते, गुंतागुंत नसेल तर आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम हवा. म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत भरभर चालणं. गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका त्यानं कमी होतो. अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, चक्कर आली, छातीत दुखलं तर थांबून दवाखाना गाठायचा. वार (बाळाला पोसणारी प्लॅसेंटा) गर्भाशयात खाली असेल किंवा रक्त फारच कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवातच करायची नाही. एवढं कुणी समजावून सांगतं का?

आता बीडची ऊसतोड कामगार बाई घ्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी; उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, आधीच घेतलेली, खाडा केला की मुकादम, म्हणजे टोळीचा ठेकेदार, पैसे कापतो. पोटुशी असली तरी ती दिवसभर वाकून ऊस तोडते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. वर लोक म्हणतात, कष्टाची बाई सहज सुटते! तिला व्यायामाचा सल्ला देणं ही थट्टाच.

म्हणून माता व बाल संरक्षण कार्डावर रोजच्या कामाची नोंद सक्तीची करा: काय करता, किती ओझं उचलता, किती वेळ उभ्या असता. सल्ला त्यावरून द्या. अवघड काम सांगू नये अशी तरतूद 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात, शेवटच्या महिन्यांपुरती का होईना, होती; आता ती 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. पण मुकादमाच्या हाताखालच्या बाईनं ती मागायची कुणाकडे? सातव्या महिन्यापासून तिची बुडालेली मजुरी ऊसतोड कामगार कल्याण महामंडळानं भरून द्यावी. महामंडळ आपल्या खात्याचं नाही, ठाऊक आहे. मंत्रिमंडळ तर एकच आहे ना?

दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या गाव सोडतात. निर्णय त्याआधी व्हावा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, बीड जिल्हा