मोराचा अर्धा डोळा

सोलापूर,
८ फेब्रुवारी

प्रिय व्यंकटेश,

सप्रेम नमस्कार.

मंगळवेढ्याच्या रानात हुरडा खाऊन झाल्यावर तू आडवा पडून वर बघत म्हणालास, "आपण इथले नाहीच लका. कुणीतरी आणून सोडलंय आपल्याला." बाकीचे झोपले होते, मीही गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी तू भिवंडीला गेलास, पण ते वाक्य इथेच राहिलं. फोनवर तू मला मधेच तोडतोस, म्हणून लिहायला बसलोय.

आधी वेरूळचं. तू मोबाईलवर दाखवलेला व्हिडिओ मी घरी पुन्हा बघितला. कैलास लेणं म्हणे माणसाच्या आवाक्यातलं नाही, परग्रहावरच्यांनी यंत्रानं कापलं. अरे, शाळेच्या सहलीत तिथल्या भिंतीवरचे छिन्नीचे तिरपे घाव तूच बोटांनी चाचपत होतास ना? आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, पाथरवट तो डोंगर कोरत वरून खाली उतरले. मला या व्हिडिओंचा मनापासून राग येतो. ज्यांनी हयात त्या दगडात घातली, त्यांची अक्कल आणि घाम आपण आभाळातल्या कुणाच्या तरी नावावर करून टाकतो. उद्या कुणी म्हणालं की अप्पांच्या चादरी माणसानं विणलेल्याच नव्हत्या, तर तुला चालेल का?

पण तुझा मूळ प्रश्न दांडगा आहे. एवढ्या जिवांत आपल्यालाच हे डोकं कुठून आलं?

अप्पा जॅकार्डसाठी, म्हणजे मागावर नक्षी उतरवणाऱ्या यंत्रासाठी, पुठ्ठ्यांना भोकं पाडायचे, आठवतं? भोक असेल तिथला धागा उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार. एवढ्या दोन गोष्टींवर अख्खा मोर चादरीवर उतरायचा. पेशीतल्या डीएनएचंही मला तसंच वाटतं, फक्त तिथे खुणा दोनऐवजी चार. आणि अप्पांच्या त्या मोराची चूकही आठव. एक पुठ्ठा चुकला होता आणि डावीकडच्या तिसऱ्या पिसातला डोळा अर्धाच उतरायचा. पुढे दुसऱ्या एका कारखान्याचा माल बाजारात आला. मोर तसाच, आणि डोळाही अर्धाच. अप्पांनी चादर उलगडली, त्या पिसावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे पुठ्ठे माझ्यावरून उतरवलेत." मोर कुणीही काढेल रे, पण तीच चूक त्याच जागी दुसऱ्याच्या हातून कशी होईल?

आता हे बघ. शेळी, गाय, कुत्रं, मांजर यांना लिंबू-आवळा खावा लागत नाही. क जीवनसत्त्व त्यांचं यकृत स्वतःच तयार करतं. आपल्याला ते जमत नाही. ते बनवणाऱ्या साखळीतलं शेवटचं जनुक आपल्या शरीरात आहे, पण मोडकं. चिंपांझीतही ते मोडकं आहे, गोरिलातही, माकडांतही. आणि आपली नि चिंपांझीची मोडतोड ताडून पाहिली तर जागासुद्धा जुळतात. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी उठून गच्चीत जाऊन उभा राहिलो. अप्पांचं बोट त्या पिसावर ठेवलेलं दिसत होतं. कुणी आपल्याला नव्यानं घडवून इथे सोडलं असतं, तर त्यानं तो चुकलेला पुठ्ठा मुद्दाम तसाच का कापला असता?

आणखी एक. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. मग एक गेली कुठे? कुठेही गेली नाही. आपलं दोन नंबरचं गुणसूत्र म्हणजे दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक लावून जोडलेली आहेत. एरवी डीएनएची जी खूण फक्त गुणसूत्राच्या टोकाला सापडते, ती इथे मधोमध सापडते. मागावर संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा जोडला की गाठ दिसते ना, तशीच.

आणि हे डोकं अचानकही आलेलं नाही. दगडाची हत्यारं सुमारे २६ लाख वर्षांपूर्वीची सापडली आहेत. आपल्या जातीच्या माणसाचे मोरोक्कोत मिळालेले अवशेष ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. शेती मात्र आत्ता आत्ताची, दहा-बारा हजार वर्षांची. एवढ्या लांबणीला अचानक कसं म्हणायचं?

तरी तुझं म्हणणं मी सगळं खोडत नाही. सूत बाहेरचं असू शकतं. बेन्नू नावाच्या लघुग्रहावरची माती २०२३ च्या सप्टेंबरात यानानं पृथ्वीवर आणली. पाव किलोच्या निम्मीसुद्धा नाही, १२१ ग्रॅम. तिच्यात जिवांची प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांतली १४ निघाली, आणि डीएनए-आरएनएची मिळून पाचही अक्षरं. जीव नव्हे, नुसता कच्चा माल. पृथ्वी तरुण असताना असे दगड तिच्यावर कोसळत होते. आपल्या हाडामांसाचं काही सूत त्यांतून आलं असेल, हे मला अगदी पटतं.

आपल्या जयंत नारळीकरांना तर जीवच वरून आला असावा असं वाटायचं, आणि ते नुसतं म्हणून थांबले नाहीत. २००१ आणि २००५ साली हैदराबादहून बलून सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. दुसऱ्या खेपेला जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीला आर्यभटाचं नाव दिलं, एकीला इस्रोचं, एकीला त्यांचे गुरू हॉइल यांचं. पण ते जिवाणू बाहेरूनच आले हे यातून सिद्ध होत नाही, असंही त्यांनी स्वच्छ सांगितलं. मला सगळ्यात ते भावलं.

बाहेर कुणी आहे का? मला वाटतं, आहे. पण बहुतेक ठिकाणी शेवाळासारखं काहीतरी असेल. इथेच बघ ना, जीव साडेतीनशे कोटी वर्षं जुना, त्यातला बहुतेक काळ एकेकट्या पेशींचाच. प्राणी शेवटच्या ६० कोटींतले. बोलणारं कुणी भेटणं फार दुर्मीळ असणार.

तरी आपण हाक मारून ठेवली आहे. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे, ५५ भाषांतल्या शुभेच्छांची. केसरबाई केरकरांची भैरवीही आहे तिच्यात. मी त्या भाषांची यादी बघत गेलो. मराठी आहे, कन्नड आहे, उर्दू आहे आणि तेलुगूही आहे. म्हणजे आपल्या साखर पेठेच्या गल्लीत सकाळी जे ऐकू यायचं ते सगळं, व्यंकू! तुझ्या आजीची भाषा आज इतक्या लांब पोचली आहे की तिथून निघालेल्या रेडिओ संदेशाला पृथ्वीवर यायला २३ तासांहून जास्त लागतात.

त्या रात्री तू ते वाक्य का म्हणालास, हे मला थोडं कळतं. आजोबा करीमनगरहून आले, तू भिवंडीला गेलास, आणि मधे इथली गिरणी बंद पडली. तुझ्या नातवाला शाळेत "तुमचं गाव कुठलं" विचारतात आणि तो गोंधळतो, हे तूच सांगितलंस. पण आमच्या कारखान्यातलं सूत कोइमतूरकडून येतं रे. भौगोलिक मानांकन मिळालं ते सोलापुरी चादरीला. कापूस कुठं पिकला हे कुणी विचारलं नाही.

परवा नव्या पेठेत एका दुकानात मोराची चादर दिसली. लेबल कुठल्या तरी नव्या कारखान्याचं. मी दुकानदाराला पूर्ण उलगडायला लावली. डावीकडचं तिसरं पीस, डोळा अर्धा. अप्पांना जाऊन अठरा वर्षं झाली. मी दोन घेतल्या. एक ट्रान्सपोर्टनं तुला पाठवतोय, सोबत शेंगाची चटणी आहे. नातवाला ते पीस शोधायला सांग.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शिवा