आयनोकुराच्या आजींना

आदरणीय आजी,
सादर नमस्कार.

तुमच्या मिन्शुकूत, म्हणजे घरगुती मुक्कामाच्या ठिकाणी, जागा मागायला मी फोन केला, तेव्हा जरा चाचरतच सांगितलं होतं की माझी आई माळकरी आहे. मासा-मटण तर नाहीच, पण माशाचं पाणीही तिला चालत नाही. जपानात हे शेवटचं फार अवघड. मिसो सूप असो, शिजवलेला मुळा असो की नूडल्सचा रस्सा, सगळ्याच्या बुडाशी दाशी, म्हणजे चवीसाठी काढलेलं पाणी, आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाची. ‘मासा नको’ म्हटलं की तुकडे काढतात, रस्सा तोच. तुमच्या गोकायामाच्या डोंगराळ भागात पोचेपर्यंत आई भात आणि केळ्यांवरच होती.

तुम्ही एवढंच विचारलंत, “कोंबू आणि शिताके चालेल ना?” समुद्री शेवाळ आणि अळंबी. चालेल म्हटल्यावर विषय संपला.

रात्री लाल लाखेच्या वाट्यांत शीग लावून वाढलंत. रानातल्या नेच्यांची भाजी, दोरीने बांधून नेता येईल इतका घट्ट टोफू, बटाटे. वेगळं काही करावंच लागलं नाही, म्हणालात. बौद्ध संत शिनरान यांच्या पुण्यतिथीच्या विधीला, होओनकोला, गावात असंच, मासा न घालता रांधतात. हे ऐकून आई जी मोकळी झाली! तिने भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

मग इरोरीशी, म्हणजे जमिनीतल्या चुलीशी, बसून तुम्हा दोघींच्या गप्पा. दुभाषी मी, पण माझी गरज कमीच पडत होती. त्या उभ्या गवती छपराकडे बोट दाखवून आईने विचारलं, शाकारणी कोण करतं? छपराची एक बाजू गावाने मिळून चढवायची, त्याला यूई म्हणतात, असं तुम्ही सांगितलंत. आमच्याकडे इर्जिक घालायचे तसंच, आई म्हणाली. चुलीच्या धुराने गवताला कीड लागत नाही, हे तिला सांगावं लागलं नाही. वरच्या माळ्यांवर पूर्वी रेशमाचे किडे पाळत, हे मात्र तिला नवीन होतं. त्या किड्यांची लेंडी, माती आणि गवत जमिनीखाली कुजवून कागा संस्थानासाठी बंदुकीच्या दारूचा सोरा बनवत, हे ऐकून तर ती थक्कच झाली. १९९५ साली युनेस्कोच्या यादीत आलेलं गाव बघायला मी तिला नेलं होतं. तिने बघितलं ते तुमचं घर चालवणं.

पत्र उघड लिहितेय, कारण जपानातल्या मराठी मंडळींत आई-वडील आले की हाच घोर असतो. त्यांना माझं सांगणं एवढंच: जागा ठरवतानाच ‘दाशीसुद्धा नको’ असं स्पष्ट सांगा, आयत्या वेळी नको. ताटावर बसल्यावर सांगून रांधणाऱ्याला कोड्यात टाकू नये.

आजी, आईने गोडा मसाला दिलाय, तो वेगळा पाठवतेय. बटाट्यात चमचाभर घालून बघा. आत दगडफूल आहे, काळं दिसतं म्हणून घाबरू नका. मासा नाही.

तुमची,
नागोयाची पाहुणी