आई-बाबा, जानेवारीत या

जिलाँग, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "इंग्लंडात सगळं मार्गी लागलं होतं, मग पुन्हा हा पसारा कशाला मांडलास?" मी तेव्हा ड्यूटीला निघाले होते, त्यामुळे दोन वाक्यांत उरकलं. पण आईनं ते मनापासून विचारलं होतं, आणि बाबा बोलले नाहीत तरी त्यांच्याही मनात तेच आहे. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी निवांत लिहायला बसलेय.

आधी एक सांगते. इंग्लंडनं मला पुष्कळ दिलं. 2021मध्ये लेस्टरला गेले, नॉर्थहॅम्प्टनला ऑस्की म्हणजे नर्सिंगची प्रात्यक्षिक परीक्षा दिली, नर्सिंग कौन्सिलचा नोंदणीचा पिन नंबर हातात पडला, तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. वॉर्डातल्या बायकांनी मला पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलं. दिवाळीत बेलग्रेव्ह रोडवर रोषणाई असायची, कोथिंबीर-कढीपत्ता हाकेच्या अंतरावर मिळायचा. तिथून पाय निघताना मला रडू आलं होतं, हे जावयांनी तुम्हाला सांगितलं नसेल.

पण काम झेपेनासं झालं होतं. साडेबारा तासांची शिफ्ट आणि अंगावर कधी आठ, कधी दहा रुग्ण. हिवाळ्यात खाटा संपल्या की म्हातारी माणसं कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर पडून असायची. मी औषधांची गाडी ढकलत त्यांच्या शेजारून जायचे आणि नजर चुकवायचे. एका नर्सनं किती रुग्ण सांभाळायचे याचा इंग्लंडमध्ये कायदाच नाही. 15 डिसेंबर 2022ला रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगनं संप केला, तेव्हा कडाक्याच्या थंडीत मीही फाटकाशी उभी होते. आई तेव्हा रागावली होती, परक्या देशात असल्या भानगडीत पडू नये म्हणून. पण आई, मागणी नुसती पगाराची नव्हती. रुग्णाला धोका होणार नाही इतक्या नर्सेस द्या, असंही आम्ही म्हणत होतो.

त्यात मे 2025मध्ये तिथल्या सरकारनं कायमच्या वास्तव्यासाठी पाचऐवजी दहा वर्षांची अट घालायचा प्रस्ताव मांडला. माझी पाच वर्षं भरत आली होती. वयाच्या अडतिसाव्या वर्षी आणखी पाच वर्षं टांगणीला राहायचं की दुसरी वाट धरायची, एवढाच प्रश्न उरला.

वाट नेमकी तेव्हाच मोकळी झाली होती. पूर्वी आपल्याकडे शिकलेल्या नर्सला ऑस्ट्रेलियात यायचं तर एनक्लेक्स ही संगणकावरची परीक्षा आणि वर ॲडलेडला जाऊन पुन्हा ऑस्की द्यावी लागायची. एप्रिल 2025पासून नवा नियम आला: ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर अशा देशांत परीक्षा देऊन नोंदणी झाली असेल आणि 2017नंतर तिथे 1,800 तास काम केलेलं असेल, तर पुन्हा परीक्षा नाही. आहप्रा या इथल्या नोंदणी संस्थेकडे अर्ज गेला, मग ॲनमॅक या नर्सिंगच्या मान्यता संस्थेकडून कौशल्याची तपासणी, मग राज्याच्या नामांकनावर 190 क्रमांकाचा कायमचा व्हिसा. कागदपत्रांचा त्रास झाला, पण तो सगळ्यांनाच होतो, त्याबद्दल फार लिहीत नाही.

आता कामाविषयी, कारण मला खरं तर तेच सांगायचंय.

व्हिक्टोरियात नर्स आणि रुग्णांचं प्रमाण कायद्यानं बांधलेलं आहे. इथल्या नर्सेसच्या युनियननं ते 2000 साली करारात मिळवलं आणि 2015मध्ये त्याचा कायदा झाला. आमच्यासारख्या मोठ्या सरकारी रुग्णालयात सर्वसाधारण वॉर्डात सकाळी आणि दुपारी चार रुग्णांमागे एक नर्स, शिवाय इनचार्ज वेगळी. रात्री आठांमागे एक. पहिल्या दिवशी हँडओव्हर झाल्यावर मी यादी उलटून पाहिली, मागच्या बाजूला आणखी नावं असतील म्हणून. नव्हती.

आई, तुला मिरजेच्या मिशन हॉस्पिटलच्या आमच्या ट्यूटर आठवतात ना, पांढऱ्या साडीतल्या? त्या म्हणायच्या, रुग्णाकडे गेलात की आधी त्याचं तोंड बघा. औषध नंतर, चार्ट नंतर. गेल्या महिन्यात माझ्याकडे खुब्याचं हाड मोडलेल्या एक आजी होत्या, लहानपणी इटलीतून आलेल्या. दोन दिवस जेवण परत जात होतं. सगळे म्हणत होते, ऑपरेशननंतर भूक मंदावते. मी खुर्ची ओढून शेजारी बसले, टॉर्च लावून पाहिलं. जीभ कोरडी, तिच्यावर पांढरा थर, कवळीखाली हिरडीला लाल व्रण. कवळी काढून धुतली, मऊ ब्रशनं जीभ आणि हिरड्या हलक्या हातानं साफ केल्या, ओठांना मलम लावलं, डॉक्टरांकडून बुरशीचं औषध लिहून घेतलं. अर्धा तास गेला. तिसऱ्या दिवशी आजींनी वाटीभर सूप संपवलं आणि पाव मागितला. इंग्लंडमध्ये हे मला येत नव्हतं असं नाही. तिथे हा अर्धा तास माझ्याकडे नसायचा. मिरजेत जे शिकले ते आता रोज करते, आणि घरी येते तेव्हा अंग दुखत असलं तरी मन दुखत नाही. याच्यासाठी मी आले.

शिफ्टही माणसाला झेपेल अशा आहेत. सकाळची सात ते साडेतीन, दुपारची एक ते साडेनऊ, रात्रीची दहा तासांची. रात्री साडेनऊला सुटून दुसऱ्या दिवशी सातला हजर व्हायचं, असं लागून आलं की जड जातं, ते खोटं सांगणार नाही. शब्द नवे शिकावे लागले. तीव्र वेदनेच्या ऑक्सिकोडोन गोळीला सगळे एन्डोन म्हणतात, पॅरासिटामॉलला पॅनाडॉल. रुग्ण अचानक बिघडला की तातडीच्या पथकाला बोलवायचं, तो मेट कॉल. वॉर्डची प्रमुख म्हणजे नम, पण तिला सगळे पहिल्या नावानं हाक मारतात, सर्जनलाही. मला अजून जीभ अडखळते.

आणखी एक शिकले, ते बाबांना ऐकायला आवडेल. इथे साप चावला की जखम धुवायची नाही. पूर्ण हाताला किंवा पायाला घट्ट क्रेप बँडेज गुंडाळायचं, फळी बांधायची आणि माणसाला जागचं हलू द्यायचं नाही. कातडीवर राहिलेल्या विषावरून सापाचा प्रकार ओळखायला मदत होते, म्हणून धुवायचं नाही. इथले जीवघेणे साप नाग-मण्यारच्या कुळातले, विष मज्जातंतूंवर आणि रक्तावर जाणारं. बाबा, आपल्या द्राक्षबागेत घोणस निघते, तिला हा उपाय लावू नका. घोणसीच्या विषानं चावल्या जागी सूज येते, मांस सडतं, तिथे घट्ट बांधणं घातक. आपल्याकडे अवयव स्थिर ठेवून सरळ सिव्हिल गाठायचं. बागेतल्या गड्यांनाही हे सांगा.

आता आईचा दुसरा प्रश्न, जो तिनं विचारला नाही: "आम्हाला काही झालं तर?" लांब आलेय, हे खरं आहे. लंडनहून मुंबईला नऊ तासांत थेट पोचायचे, इथून बहुतेकदा मध्ये विमान बदलावं लागतं आणि जवळजवळ अख्खा दिवस जातो. पण एक गोष्ट उलट झालीय. तिथे मी घड्याळात तुमच्या मागे होते. माझी ड्यूटी संपेपर्यंत तुम्ही झोपलेले असायचात, आठवड्यात एखादा फोन धड व्हायचा. इथे मी तुमच्या पुढे आहे, इथल्या थंडीत साडेचार तास, इथल्या उन्हाळ्यात साडेपाच. सकाळच्या शिफ्टवरून सुटते तेव्हा मिरजेत दहा-अकरा वाजलेले असतात, बाबांची आंघोळ-पूजा उरकलेली असते. म्हणून तर हल्ली रोज बोलणं होतं. मात्र एक वचन द्या. गेल्या वर्षी बाबांना न्यूमोनिया झाला तो मला दादाकडून आठवड्यानं कळला. ताप, बीपी, साखर, जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं. दादा पुण्याहून पाच तासांत पोचतो, पण छातीच्या एक्स-रेचा अहवाल वाचून कोणाला काय विचारायचं हे मला कळतं.

घराचं थोडक्यात सांगते. भाड्यानं घर मिळणं कठीण, एका घरापुढे बघणाऱ्यांची रांग. मिळालं ते छोटं आहे, बॅरवॉन नदीपासून जवळ. भिंती पातळ, त्यामुळे जुलैत आतही स्वेटर लागतो, लेस्टरच्या घरात असं नव्हतं. चिऊची शाळा छान आहे. उन्हाळ्यात टोपी नसेल तर मैदानात पाऊल टाकू देत नाहीत, कारण इथलं ऊन खरंच वाईट, त्वचेचा कॅन्सर फार. ती दोन महिन्यांत इथल्यांसारखं बोलायला लागली. मराठी सुटू नये म्हणून रात्री आजीच्या गोष्टीचा फोन हवाच, तो आई तू बंद करू नकोस.

आणि बाबा, हे खास तुमच्यासाठी. मेलबर्नहून साडेपाचशे किलोमीटरवर मरे नदीच्या काठी मिल्ड्युरा नावाचं गाव आहे. तिथे काय पिकतं? बेदाणा. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये घड बुडवून रॅकवर सुकवायची जी पद्धत तासगाव-मिरजेकडे सर्रास वापरतात, ती मूळ याच देशातली. इथे ज्याला सुलताना म्हणतात तो आपला थॉमसन सीडलेस. फरक एवढाच की इथे वेल थंडीत खरोखर झोपतो, म्हणून छाटणी एकदाच. आपली एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, अशी दोनदा करतात हे इथल्या एका शेतकरी रुग्णाला सांगितलं, तर तो उठून बसला आणि खोदून खोदून विचारत राहिला. माझ्याकडची माहिती संपली. त्याला तुम्हीच हवे होतात. इथला हंगाम फेब्रुवारी-मार्चचा. आणि ज्वारी! क्वीन्सलंडकडे लाल दाण्याची ज्वारी मैलोन्मैल पेरतात, बहुतेक गुरांना घालतात नाहीतर परदेशी पाठवतात. आपण शाळूची भाकरी खातो हे ऐकून इथल्या माणसांना नवल वाटतं.

तेव्हा माझं मागणं एकच आहे. जानेवारीत या, एप्रिलपर्यंत राहा. बाग आता वाट्यानं दिलीच आहे, आणि दादा महिन्यातून चक्कर मारीन म्हणालाय. ब्रिटनमध्ये 2012नंतर वृद्ध आई-वडिलांना कायमचं आणायची वाट जवळजवळ बंदच आहे. इथेही कायमच्या व्हिसाची स्वस्त रांग तीस वर्षांच्या पुढची, महागडी परवडणारी नाही. पण तीन किंवा पाच वर्षांचा तात्पुरता पालक व्हिसा मिळतो, एकूण दहा वर्षांपर्यंत. माझी इथली वर्षं थोडी होऊ द्या, मग त्याचा विचार करू. सध्या 600 क्रमांकाचा पाहुण्यांचा व्हिसा पुरे.

काही गोष्टी आताच सांगून ठेवते. इथे पाहुण्यांना सरकारी दवाखाना मोफत नाही, विमा मी काढते. बाबांच्या मधुमेहाच्या गोळ्या मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरत्या आणायच्या. आई, पेढे, बर्फी, खवा काही बांधायचं नाही, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. गोडा मसाला घरचा नको, दुकानातलं बंद पाकीट आण. जे आणाल ते कार्डावर जाहीर करायचं, लपवलं तर मोठा दंड बसतो. बाबा, बागेत घालता त्या चपला घरीच ठेवा. तळव्याला लागलेली मातीसुद्धा इथे चालत नाही, त्यांना आपल्या रोगांची धास्ती आहे, आणि शेतकरी म्हणून तुम्हाला ते पटेल. लोकरीचे कपडे नकोत, त्या वेळी इथे उन्हाळा. सुती साड्या आणि रुंद काठाची टोपी.

आईच्या गुडघ्याचं काय झालं ते लिहा. ऑर्थोपेडिकनं व्यायाम दिलेत ते ती करते का, हे बाबांनी खरं कळवावं. आणि बाबांच्या पासपोर्टची मुदत कधी संपते ते या आठवड्यात बघून सांगा. परतीनंतरही सहा महिने शिल्लक असलेली बरी, नाहीतर दादा तुम्हाला लगेच पासपोर्ट केंद्रात घेऊन जाईल.

जावयांचा नमस्कार, चिऊचा गोड पापा.

तुमची लाडकी लेक