न्यूरो आयसीयूतल्या रात्रपाळीच्या सिस्टरांना

पुणे

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ नाकातून निघाली, डोक्यावर एकही टाका नाही, हे कळल्यावर नातेवाईक सर्जनचे हात धरतात. पहाटे ३ वाजता युरोबॅगपाशी वाकून लघवी मोजणाऱ्या तुम्ही त्यांना दिसत नाही. म्हणून हे पत्र.

थिएटरमधलं काम काही तासांचं. ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकातून आत, नाकामागची हाडातली पोकळी, म्हणजे स्फेनॉइड सायनस, उघडायचा, त्यामागचं पातळ हाड काढायचं, ड्युरा (मेंदूवरचं आवरण) कापून गाठ क्युरेट या खरवडायच्या हत्याराने काढायची. शून्य अंशाच्या दुर्बिणीतून समोरचंच दिसतं, कोपऱ्यातला तुकडा ३० अंशांची घातल्यावर सापडतो. मेंदूभोवतीचं पाणी झिरपलं तर पोटाची चरबी आणि नाकाच्या पडद्याचं अस्तर लावून भोक बुजवायचं. ते बुजलेलं राहतंय की नाही, हे पुढे तुम्ही बघता.

ग्रंथीचा मागचा भाग दुखावला की शरीरात पाणी धरून ठेवणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक कमी पडतं आणि लघवी भरमसाट होऊ लागते. सलग दोन-तीन तास, दर तासाला २५० मिलिलिटरच्या वर, पाण्यासारखी फिकट, विशिष्ट गुरुत्व १.००५ च्या खाली, रक्तातलं सोडियम १४५ च्या पुढे: मग त्या संप्रेरकाची जागा घेणारं औषध, डेस्मोप्रेसिन. पण नुसत्या आकड्यावर तुम्ही फोन करत नाही. भूल देताना गेलेलं सलाईन बाहेर पडतंय का, स्टिरॉइडने साखर वाढली आहे का, हे आधी पाहता. गरज नसताना दिलेलं डेस्मोप्रेसिन शरीरात पाणी साठवतं आणि सोडियम पाडतं. तुमच्या चार्टवर दर तासाची नोंद असते म्हणूनच हा फरक कळतो. एक रकाना रिकामा राहिला तर आम्हाला अंदाजच करावा लागेल.

झोपलेल्या पेशंटला दर तासाला उठवून, एक डोळा झाकून बोटं मोजायला लावता. नातेवाईक कुरकुरतात, तरी सोडत नाही. नजर अचानक मंदावली तर गाठीच्या जागी रक्त साचलेलं असू शकतं. तेव्हा तातडीने स्कॅन, आणि गरज पडली तर पुन्हा थिएटर.

पेशंटला मान खाली घालून बसवता, नाकातून स्वच्छ पाण्याचा थेंब पडतो का बघता, घशात खारट लागतंय का विचारता. ‘नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, संडासला कुंथायचं नाही’ हे तुम्ही सांगता तेव्हा आजीबाईसुद्धा ऐकतात. आणि पलंगावरची ‘नाकातून राईल्स ट्यूब नको’ ही पाटी! दुरुस्त केलेल्या भोकातून ती पोटात घालायची नळी थेट कवटीत जाऊ शकते. पाळी बदलली तरी ती पाटी हलत नाही, याचं श्रेय तुमचं.

सगळ्यात मोठे आभार डिस्चार्जच्या वेळच्या त्या पाच मिनिटांचे. पेशंट स्वारगेटहून एसटीने गावी जातो, घरचे प्रेमाने तांब्यावर तांब्या पाणी पाजतात, आणि ऑपरेशननंतर चौथ्या ते दहाव्या दिवसांत सोडियम घसरू शकतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी. फारच घसरलं तर फिट. म्हणून डिस्चार्ज कार्डावर सातव्या दिवसाची तारीख लाल पेनाने लिहिता: ‘गावातल्या लॅबमध्ये सोडियम करा, रिपोर्ट लगेच फोनवर कळवा.’ तो फोन येतो तो तुमच्या त्या लाल अक्षरांमुळेच.

तुमचे ऋणी,
न्यूरोसर्जरी आणि कान-नाक-घसा विभागातले सहकारी