मंत्री महोदय, बुरूज पडला, आता तरी माणूस पाठवा

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा रात्री अडीचच्या सुमारास आमच्या गावच्या गढीचा बुरूज पडला. मला आधी वाटलं रस्त्यावर टँकर उलटला, बॅटरी घेऊन बाहेर आलो तर माझा गोठा दगडाखाली. गाभण म्हैस गेली. माणूस कोणी दगावलं नाही ही देवाचीच कृपा, कारण त्याच बुरजाच्या सावलीत सकाळी पोरं शाळेच्या गाडीची वाट बघत उभी असतात.

हा तोच बुरूज आहे साहेब, ज्याच्यासमोर उभं राहून दोन वर्षांपूर्वी तुम्ही माईकवर बोललात, मार्चच्या आत निधी पडेल. मी पहिल्या रांगेत होतो, टाळ्या पण वाजवल्या. त्यानंतर दोन मार्च गेले.

नऊ वर्षांपूर्वी त्या बुरजाच्या सांध्यात बोटाएवढं पिंपळाचं रोप आलं होतं. फोटो काढून अर्ज दिला, पोच माझ्याकडे आहे. उत्तर नाही. मग वाटलं आपणच उपटावं, तर सांगितलं गेलं की हे राज्य संरक्षित स्मारक आहे, १९६० चा कायदा आहे, परवानगीशिवाय हात लावलात तर गुन्हा दाखल होईल. बरं, नाही लावला. पण मग तुमच्या खात्याने तरी लावायचा ना! आज त्या पिंपळाचं खोड माझ्या मांडीएवढं आहे आणि बुरूज खाली आहे.

मधे एकदा डागडुजी झाली, ती तर न झालेली बरी. टेंडर सगळ्यात कमी दरवाल्याला, त्याने जुन्या चुन्याच्या भिंतीला बाहेरून सिमेंट थापलं. आमच्याकडचा म्हातारा गवंडी तेव्हाच ओरडत होता की चुना श्वास घेतो, सिमेंट पाणी कोंडतं, आतली माती भिजून फुगणार. दोन पावसाळ्यात भिंतीला पोट सुटलं. तो म्हणालेला तीस-चाळीस हजारात चुना मळून दगडांमधले सांधे नीट भरून देतो. आता म्हणे काम कोटीच्या घरात जाईल. तेव्हाचे चाळीस हजार नव्हते आणि आता कोटी कुठून आणणार?

फाईलच्या मागे मी किती फिरलो ते मलाच माहीत. तांत्रिक मान्यता झाली तर प्रशासकीय नाही, प्रशासकीय झाली तर बजेटच्या त्या हेडखाली पैसे नाहीत, पैसे आले तर मार्च एंड म्हणून परत गेले. एसटीने जिल्ह्याला एकवीस खेपा झाल्या, गुडघ्याचं ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं, बायको म्हणते गढीशीच लग्न करायचं होतंत. साहेब जेवायला गेलेत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही ऐकू येतं.

आणि हे फक्त आमच्या गढीचं नाही. सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०१३ च्या अहवालात सांगितलं की केंद्राची ९२ संरक्षित स्मारकं जागेवर सापडलीच नाहीत. त्यातली काही नंतर सापडली, तरी २०२२ मधे सरकारनेच संसदीय समितीला ५० गायब आहेत असं सांगितलं, आणि साधारण ३,७०० स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी, कारण काय तर बजेट नाही. पॅरिसची नोत्र दाम २०१९ च्या एप्रिलमधे जळाली आणि २०२४ च्या डिसेंबरमधे उघडली पण. जगभरातून देणग्या आल्या, मान्य, पण काम करायचंच हे तिथे ठरलेलं होतं. आपल्याकडे ठरतं ते लायटिंग, कमान आणि लेझर शो, कारण त्याचं उद्घाटन करता येतं. पिंपळ उपटल्याचं उद्घाटन होत नाही, गवत काढल्याची कोनशिला बसत नाही, म्हणून त्याला पैसे नाहीत. २०२५ मधे आपले १२ किल्ले जागतिक वारसा झाले, त्यातले ११ महाराष्ट्रातले, मलाही रडू आलं आनंदाने. पण त्या यादीत नसलेल्या गढ्या, बारवा, वाडे यांनी काय पाप केलंय? त्यांना कोणी विचारायचं?

मला म्हशीची भरपाई नको. प्रत्येक संरक्षित वास्तूसाठी दरवर्षी थोडेच पण ठरलेले पैसे द्या, पावसाळ्याच्या आधी, झाडोरा काढायला, सांधे भरायला, पाण्याला वाट करून द्यायला. चुन्याचं काम येणाऱ्यालाच काम द्या, कमी दरवाल्याला नको. आणि गावातल्या चार माणसांना रोप उपटायची लेखी परवानगी द्या.

सध्या एवढंच करा. पडलेले दगड घडीव आहेत, लोक पायासाठी न्यायला टपलेत. मी आणि चार पोरांनी ओळीने लावून प्रत्येकावर खडूने नंबर टाकलेत, ऑइलपेंट लावायचा नाही एवढं आम्हाला कळतं. काल रात्री पाऊस झाला, सकाळी निम्मे नंबर पुसलेले. आज परत टाकले. उद्या परत टाकू. पण कुठला दगड कुठे होता हे आमच्या लक्षात आहे तोवर माणूस पाठवा.

आपला,
गढीच्या पायथ्याला राहणारा एक शेतकरी