गच्चीवरची भाजी आणि वाळवण : सूचना

नमस्कार मंडळी,

गवार, भेंडी, मिरच्या एकदमच आल्यात. भेंडी उन्हं चढायच्या आत काढा. दोन दिवस विसरलात की लाकूड होते आणि झाडही नवी फुलं कमी धरतं.

खाऊन उरेल ते वाळवा. कोवळी गवार मिठाच्या उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, मग निथळून 3-4 कडक उन्हं. शेंग कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून एक ऊन द्या. गेल्या वर्षी मी घाई केली आणि डबाभर गवारीला बुरशी आली.

सांडगी मिरचीला जाड, कमी तिखट मिरचीच घ्या. चीर देऊन धने-मेथीची भरड, हिंग, मीठ भरा; रात्री आंबट ताकात, दिवसा उन्हात, ताक संपेपर्यंत. देठ ठेवा.

टोमॅटो वाळवायच्या नादी लागू नका. शिजवून, गाळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा.

मृग 7 जूनच्या सुमारास लागतो, पण वळीव त्याआधीच गाठतो. म्हणून वाळवणं मेअखेर डब्यात गेलेली बरी. संध्याकाळी आपापल्या साड्या, चादरी गच्चीवरून उचला, आणि बियाण्यासाठी एकदोन भेंड्या झाडावरच जून होऊ द्या.